हाफवे लाइन, तिसरा कठडा

काकांच्या घराची बेल मी वाजवली तेव्हा बाहेर बारीक, आडवा पाऊस होता, माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या आणि नाक गळत होतं. दार उघडलं ते एका बुटक्या म्हाताऱ्यानं. घरातल्या घरात टाय बांधलेला, डोक्यावर कॅप. 'ये' नाही, 'बस' नाही. त्यांनी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली, अंगठ्यानं चोळून पाहिली आणि म्हणाले, "लोकर नाही ही. फसवलंय तुला." मग उंबऱ्यातच विचारलं, "नागपूर म्हणजे खास नागपूर, की आजूबाजूचं? आणि आईचं माहेर?"

मी म्हटलं, "काका, आधी आत येऊ का?"

"ये की. मी कुठं नको म्हणालो?"

ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी ऑफिसनं मला यॉर्कशरमधल्या एका जुन्या गिरण्यांच्या शहरात पाठवलं होतं. ऑफिसातल्याच कुणीतरी 'मराठी घर आहे, जेवणाची सोय होईल' म्हणून ही माळ्यावरची खोली मिळवून दिली होती. पहिल्या रात्री मी ठरवलं, महिन्याभरात दुसरी जागा बघायची. माझा स्वभाव तिखट, आणि असल्या चौकशा मला नागपुरातही चालत नव्हत्या. प्रत्यक्षात मी त्या घरात तीन वर्षं राहिले.

काका मूळचे सोलापूरचे. साठच्या दशकात इथल्या लोकरीच्या गिरणीत, विणकाम खात्यात आले. गिरण्या बंद पडल्यावर बस डेपोत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पण बोटं गिरणीतच राहिली होती. कापड दिसलं की हात गेलाच. बँक मॅनेजरच्या कोटाची कॉलर, डॉक्टरच्या खोलीतला पडदा, बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईची शाल, कशालाही त्यांना मज्जाव नव्हता. एका रिसेप्शनमध्ये त्यांनी नवरीच्या शालूचा पदर तिच्या खांद्यावरच उलटा करून पाहिला, तेव्हा काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

दुसरी खोड चौकशीची. समोरचा माणूस कुठला, त्याचे वडील कुठले, आई कुठली, हे कळल्याशिवाय काकांना त्याच्याशी पुढचं बोलताच येत नसे. आणि यात काळा-गोरा असा भेदभाव अजिबात नव्हता. गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला दारात थांबवून, "व्हेअर आर युवर पीपल फ्रॉम?" फुटपाथवर गाडी लावली म्हणून तंबी द्यायला आलेल्या पोलिसालाही तेच. मला वाटायचं, आता हा उखडणार. पण त्या गावची माणसंही तशीच. पोलीस हेल्मेट काखेत धरून सांगत बसला की त्याची आजी आयर्लंडहून बटाटे काढायला आली आणि इथलीच झाली. काकांनी आजीचं गाव विचारलं, मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट गाववाले. त्याला सांगा मी पाठवलंय." पोलीस तंबी द्यायचं विसरून गेला.

या खोडीचा त्यांनी उद्योगही करून टाकला होता. लग्नं जमवायचे. रविवारी सकाळी फोन सुरू व्हायचा. इल्फर्डचा मुलगा, मेडनहेडची मुलगी. आईवडिलांशी त्यांची सरबत्ती तासभर चाले. मुलं इथंच जन्मलेली, ती बिचारी घाबरून असत. एकदा एक मुलगा फोनवर म्हणाला, "काका, मुलगी खूप चांगला आहे, पण मला थोडा टाइम पाहिजे." काका म्हणाले, "घे की टाइम. तोवर तुझ्या आजोबांचं गाव शोधून ठेव." माझंही जमवायचा त्यांनी चंग बांधला होता. मी स्पष्ट सांगितलं, की माझ्यासाठी एक जरी फोन केलात तर मी खोली सोडून जाईन. त्यावर ते म्हणाले, "फोन नाही करत. पत्र लिहितो."

असा हा माणूस. आणि एक दिवस काकू पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, "यांना सगळ्या यॉर्कशरच्या आत्या-मावश्या ठाऊक. आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावून पस्तीस वर्षं उभे राहिले, त्याचं नाव माहीत नाही."

मला वाटलं काकू चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या.

तो खांदा होता रग्बीच्या मैदानावरचा. तिकडे रग्बी दोन प्रकारची. एक पंधराजणांची, ती बड्या शाळा-कॉलेजांतल्या साहेबांची. दुसरी तेराजणांची, ती गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसांची, रग्बी लीग. आमच्या शहरात या तेराजणांच्या रग्बीचे दोन क्लब होते, नदीच्या दोन बाजूंना. आमचे तपकिरीवाले आणि पलीकडचे जांभळेवाले. आमच्या जर्सीचा रंग हुबेहूब गूळपापडीचा. काकांच्या गळ्यात थंडीभर त्या रंगाचा मफलर असे. तो त्यांनी स्वतः निवडलेल्या लोकरीतून काकूंकडून विणून घेतला होता, कारण क्लबच्या दुकानातला मफलर त्यांनी चिमटीत धरून नापास केला होता.

आपल्या मैदानावर मॅच असली की रविवारी काका डबा घेऊन निघत. डब्यात ब्रेड-बटर आणि मध्ये काकूंची शेंगाचटणी, अशी सँडविचं. दोन त्यांची, दोन 'त्याची'. मी एकदा हट्टानं बरोबर गेले. उभं राहायच्या सिमेंटच्या पायऱ्या, वर गंजका पत्रा, आणि गर्दी रेटली तर माणसं घसरू नयेत म्हणून मधूनमधून लोखंडी कठडे. आता रेटायला गर्दीच नव्हती. काका थेट मैदानाच्या मधल्या रेषेपाशी, हाफवे लाइनला, तिसऱ्या कठड्याशी गेले. तिथं एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा आधीच उभा होता. त्यानं काकांकडे न बघता कठड्यावरचा आपला थर्मास थोडा बाजूला केला. काकांनी त्याच्याकडे न बघता डबा उघडून ठेवला.

"ओलं आहे आज," तो म्हणाला.

"गुडघा?" काकांनी विचारलं.

"बोलतोय."

झालं संभाषण. पुढं दोन तास दोघं मिळून रेफरीचा उद्धार करत होते. मध्यंतरात काकांनी मागच्या पायरीवरच्या एका नव्या जोडप्याला गाठलं, त्यांचे आजोबा-पणजोबा काढून झाले, आणि ते परत येऊन शेजाऱ्याच्या थर्मासमधला चहा पिऊ लागले. शेजाऱ्यानं चटणीचं सँडविच संपवून बोटं चाटली. मॅच संपल्यावर "सी दी", म्हणजे तिकडच्या बोलीत 'भेटू', असं म्हणून तो डावीकडच्या गेटनं गेला, आम्ही उजवीकडच्या.

बसमध्ये मी विचारलं, "काका, अहो, त्याला का नाही विचारलं कधी?"

काकांनी बसच्या काचेवरची वाफ बाहीनं पुसली.

"पहिला हिवाळा होता माझा," ते म्हणाले. "तेव्हा या देशात मला रोज कोण ना कोण विचारायचं. कुठला तू, का आलास, परत कधी जाणार. खोली बघायला गेलो की नाव विचारायचे, आणि नाव सांगितलं की दार बंद. गिरणीतल्या एकानं तिकीट दिलं म्हणून मी मॅचला गेलो. कडेला उभा होतो. कुठं उभं राहावं कळेना. तर हा गडी कठड्याशी होता. त्यानं बघितलं आणि सरकला. एवढंच. कठड्यावरचा कप उचलला आणि सरकला. थोड्या वेळानं रेफरीकडे बोट दाखवून मला म्हणाला, 'आंधळा आहे हा.' मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणालो, 'ठार.'"

काका हसले. मग म्हणाले, "त्यानं मला काही विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मग मी कसा विचारू?"

मी नागपूरची. माझ्या डोळ्यांत पटकन पाणी येत नाही. मी म्हटलं, "त्याला माहीत तरी आहे का, की तुम्ही सगळ्यांना विचारता आणि त्यालाच विचारत नाही?"

"छे. त्याला काय कळणार यातलं? त्याच्या लेखी मी शेजारी उभा राहणारा एक माणूस. तेवढं पुरे आहे."

पण त्यांना त्याच्याबद्दल खूप काही माहीत होतं. तो चहात साखर किती घेतो. ओल्या हवेत कुठला गुडघा धरतो. एका वर्षी तो काळा, दुखवट्याचा टाय बांधून आला, तेव्हा काकांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, फक्त रोजच्यापेक्षा जरा जवळ उभे राहिले होते. काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते कित्येक महिने मॅचला गेले नव्हते. परत गेले तर कठड्यावर त्यांच्या जागी याचा थर्मास ठेवलेला. दर मॅचला तो तसा ठेवत होता, कुणी उभं राहू नये म्हणून. हे त्यानं नाही, मागच्या पायरीवरच्यानं सांगितलं. तो स्वतः एवढंच म्हणाला, "फार काही बघायचं राहिलं नाही तुझं. सगळ्या हरलो."

मग पेपरात ती बातमी आली. दोन्ही क्लब एकत्र करायचे, दोन्ही जुनी मैदानं विकायची आणि रिंग रोडच्या बाहेर नवं, सगळ्यांना बसायला खुर्च्या असलेलं स्टेडियम बांधायचं.

मला ते शंभर टक्के पटलं होतं, आणि मी जेवताना ते बोलूनही दाखवलं. आमचं मैदान दाटीवाटीच्या घरांत अडकलेलं. एका बाजूला शाळा, एका बाजूला रेल्वे लाइन. एक वीट वाढवायला जागा नाही. वरच्या लीगमध्ये जायचं तर खुर्च्या पाहिजेत, पार्किंग पाहिजे. नदीपलीकडे जांभळेवाल्यांचं तेच रडगाणं. एवढ्याशा शहरात फुटबॉलही आहे. तीच मूठभर माणसं दोन गळक्या पत्र्यांखाली वाटली गेलीत. "काका, नाहीतर दोन्ही मरतील," मी म्हटलं.

"तुझं बरोबर आहे," काका म्हणाले. "माझ्या गिरणीतही हेच म्हणाले होते. दोन गिरण्या एक करू, म्हणजे एक तरी जगेल. मी दोन्हीकडे काम केलंय. एकही जगली नाही."

"गिरणीचं वेगळं."

"असेल."

काकू मध्येच म्हणाल्या, "माझं काय म्हणणं आहे, क्लब हलतोय तर आपणही हलू. बेसिंगस्टोकला." त्यांचा मुलगा तिथं, पार दक्षिणेला, आयटीत होता. त्यानं घराला एक खोली वाढवून घेतली होती आणि दर फोनला 'कधी येताय' विचारत होता. काका दर वेळी एकच उत्तर देत, मॅचेस आहेत. काकूंना नातवंडांकडे जायचं होतं, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. काकांनी त्या दिवशी भात पुढं ओढला आणि म्हणाले, "तो कठडा गेला, की चल. मग मला काय, बेसिंगस्टोक काय आणि सोलापूर काय."

त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. त्यांना क्लबच्या नावाचं, रंगाचं फारसं पडलेलं नव्हतं. मैदान गेलं की तो माणूस जाणार होता. नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. पस्तीस वर्षांची ओळख त्या लोखंडी नळीवर टेकलेली होती आणि ती नळी भंगारात निघणार होती.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "पुढच्या रविवारी नंबर घ्या त्याचा."

"आता विचारू? एवढ्या वर्षांनी?" काका म्हणाले. "त्याला वाटेल, हाही शेवटी बाकीच्यांसारखाच निघाला."

मी कपाळाला हात लावला. असला हट्ट आपल्याच लोकांना सुचतो.

क्लबनं सभा बोलावली. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, दोन्ही क्लबांच्या प्रेक्षकांची. निर्णय आत झालेलाच होता, सभा मन राखायला होती. तपकिरीवाले डावीकडे, जांभळेवाले उजवीकडे, लग्नात दोन पक्ष बसावेत तसे. काकांनी जाताना नवा टाय बांधला. त्यांच्या दृष्टीनं ही लग्नाची बोलणीच होती, आणि बोलण्यांना कसं जायचं हे त्यांना माहीत होतं. आत शिरताच त्यांनी माझा दंड घट्ट धरला. चार रांगा पुढं तो बसला होता. मैदानाबाहेर त्यांनी त्याला पहिल्यांदाच बघितलं होतं. खुर्चीत बसलेला तो मला भलताच बारीक वाटला. त्यानं मागं वळून पाहिलं, काकांना पाहिलं, आणि दोघांनाही काय करावं ते कळेना. हात हलवावा, की उठून जावं? शेवटी दोघांनी माना किंचित हलवल्या आणि दोघंही घाईघाईनं समोर बघू लागले.

ज्याला बोलायचं असेल त्यानं उभं राहून आधी नाव सांगायचं, मग प्रश्न, असा नियम होता. माणसं उठत होती, नावं सांगत होती, भांडत होती. एक जांभळा म्हातारा म्हणाला की तपकिरीवाल्यांशी एकत्र येण्यापेक्षा तो विटीदांडू बघेल, म्हणजे तिकडच्या तसल्याच काहीतरी खेळाचं नाव त्यानं घेतलं. मग काका उठले.

"नाव, सर?" चेअरमननं विचारलं.

काकांची नजर चार रांगा पुढच्या त्या पाठीवर होती. मला एकदम कळलं त्यांना काय झालंय ते. नाव सांगितलं तर ते त्यालाही ऐकू जाणार. पस्तीस वर्षं त्यानं न विचारलेली गोष्ट अशी माइकवरून त्याच्यावर फेकायची?

"तुमचं नाव, सर? नोंदीसाठी."

"हाफवे लाइन," काका म्हणाले. "तिसरा कठडा."

हॉल हसला. चेअरमनही हसला. बरा माणूस होता तो. म्हणाला, "ठीक आहे. काय विचारायचंय?"

"दोन घरं एक होताहेत, चांगलं आहे," काका त्यांच्या सोलापुरी इंग्रजीत म्हणाले. "मी बरीच लग्नं जमवली आहेत. त्यात पैसा, घर, गाडी यावरून काही मोडत नाही. पंगतीला कुणाशेजारी कोण बसणार, यावरून मोडतं. नव्या जागी खुर्च्या आहेत. माझ्या शेजारी कोण बसणार, हे कोण ठरवणार?"

"कम्प्युटर, सर," चेअरमन म्हणाला. हॉल पुन्हा हसला. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तो कम्प्युटर मीच घरी बनवला होता.

ते बसले. मध्ये दोघं-तिघं बोलले. मग चार रांगा पुढं तो उंच म्हातारा गुडघा धरून उठला.

"नाव, सर?"

"त्याच्या शेजारचा," तो म्हणाला. आणि अंगठ्यानं मागं, काकांकडे दाखवलं.

या वेळी हॉल हसला नाही. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली, जांभळ्यांनीसुद्धा. "माझाही प्रश्न तोच आहे," असं म्हणून तो खाली बसला. सभा संपल्यावर गर्दीत तो दिसला नाही. काका घरी आल्यावर चक्क दोनदा जेवले.

पण टाळ्यांनी काही मैदान वाचत नाही. विलीनीकरण ठरलं, रिंग रोडबाहेर बांधकामही उभं राहिलं.

जुन्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला माणसं कुठून कुठून आली. पायऱ्या भरून गेल्या. कुणी पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन आले होते, आठवण म्हणून एखादी पाटी काढून न्यायला. आदल्या संध्याकाळी काकांना मी जिन्यावर एकटंच पुटपुटताना ऐकलं होतं. "बाय द वे, व्हॉट इज युवर... एक्स्क्यूज मी, आय नेव्हर आस्क्ड..." मुलगी बघायला जाणाऱ्या पोरासारखी त्यांची तयारी चालली होती. मी मागच्या पायरीवर उभी राहून मनात म्हणत होते, विचारा. आता तरी विचारा.

मॅच आम्ही हरलो. शिट्टी वाजली. डबा रिकामा झाला, थर्मासचं टोपण लागलं. दोघं समोरासमोर उभे राहिले. काकांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्यांचा हात पुढं गेला. त्यांनी त्या माणसाच्या जुन्या काळ्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि अंगठ्यानं चोळली.

"चांगली लोकर आहे," ते म्हणाले.

"वडिलांचा आहे," तो म्हणाला. "इथल्याच गिरणीचं कापड."

"दिसतंय."

"सी दी," तो म्हणाला, आणि डावीकडच्या गेटनं गेला.

मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं बसमध्ये. काका म्हणाले, "वडिलांचा आहे म्हणाला. स्वतःहून."

त्यानंतरचा हिवाळा त्या घरात जड गेला. रविवार आला की काका कॅप घालून बसत आणि कुठंच जात नसत. लग्नाचे फोन आले तर "नंतर बघू" म्हणत. प्लंबर आला, नळ दुरुस्त करून गेला, आणि त्याच्या आजोबांचं गाव त्याच्याजवळच राहिलं. तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "ऐकलंस? काही विचारलं नाही त्यांनी त्याला." बेसिंगस्टोकचं त्या स्वतःहून काढेनाशा झाल्या होत्या. पण काकांनीच एक दिवस माळ्यावरून सूटकेस खाली काढली आणि हॉलमध्ये ठेवली. ती तिथं आठवडाभर उघडी पडून होती. त्यात काही भरलं जात नव्हतं.

नव्या मैदानाची तिकीटविक्री ख्रिसमसच्या आधीच सुरू झाली होती. जानेवारीत एका शनिवारी काकू म्हणाल्या, "जा हो, बघून तरी या कसं आहे ते. आणि हिला घेऊन जा, हिचाच कम्प्युटर आहे तिथं." मी त्यांना जवळजवळ ढकलतच नेलं. दोन बस बदलाव्या लागल्या. रिंग रोडपलीकडे ते पांढरंशुभ्र स्टेडियम, आणि बाहेर तिकिटांसाठी एक तात्पुरती केबिन. काकांनी आधी दुकानात टांगलेली नवी जर्सी चिमटीत धरली. अर्धी तपकिरी, अर्धी जांभळी. "पॉलिएस्टर," ते म्हणाले आणि सोडून दिली. मला वाटलं, आता उलट्या पावली फिरणार. पण रांगेत उभे राहिले.

खिडकीत एक तरुण मुलगी होती, कानात मोठाल्या रिंगा. "यस, लव्ह?" तिकडच्या रीतीनं तिनं विचारलं.

काकांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. कित्येक महिन्यांनी ती जुनी नजर परत आली. "व्हेअर आर युवर पीपल फ्रॉम?" त्यांनी विचारलं.

मुलगी डोळे फाडून त्यांच्याकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, झालं, ही चिडली. तेवढ्यात ती मागं वळून ओरडली, "आले! अगं, ते आले!" आतून दुसरी एक बाई कपासकट धावत आली.

"टाय," मुलगी बोटांवर मोजत म्हणाली. "कॅप. तपकिरी मफलर. तुम्हीच. मला वाटलं आता येतच नाही तुम्ही." मग तिनं सांगितलं. खिडकी उघडली त्या पहिल्या सकाळी एक उंच आजोबा आले होते. हाफवे लाइनवरची एक खुर्ची घेतली आणि म्हणाले, शेजारची ठेवून दे. ती म्हणाली, नावाशिवाय ठेवता येत नाही. ते म्हणाले, नाव मला माहीत नाही. "मग मी ओळखू कसं, असं मी विचारलं," मुलगी म्हणाली. "तर म्हणाले, तो तिकीट मागायच्या आधी तुला विचारेल, तुझी माणसं कुठली. त्या मैदानावरच्या प्रत्येकाला विचारलंय त्यानं. फक्त मला कधी विचारलं नाही."

काकांनी खिडकीची कड धरली.

मी दुसरीकडे बघितलं. पाणी आलं होतं माझ्या डोळ्यांत, आणि ते मी थंडीवर ढकललं.

"त्याला ठाऊक होतं," काका मराठीत म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही. "पहिल्यापासून ठाऊक होतं त्याला."

मुलगी की-बोर्डवर टाइप करायला लागली. "ही बघा तुमची जागा. आणि तुमच्या शेजारी त्यांची. त्यांचं नाव इथं आहेच," ती म्हणाली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवायला लागली. "सांगू?"

"नको," काका म्हणाले. त्यांनी तोंड पार दुसरीकडे फिरवलं आणि मलाही बाहीला धरून फिरवलं. "तिकडे वळव तो, बाळ. आधी तिकडे वळव."

तिनं वळवला. मग काकांनी आपलं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर, आणि तिकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. निघताना ती मुलगी म्हणाली, "माझी आजी लॅटव्हियाची. तुम्ही विचारलं होतं ना."

"गाव?" काका म्हणाले, आणि मागची रांग खोळंबून राहिली.

दोन्ही बसच्या ड्रायव्हरांची पाळंमुळं त्या दिवशी निघाली. घरी आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत काकांनी हॉलमधली सूटकेस उचलली, तिची कडी लावली आणि ती जिन्याखाली सरकवून दिली. काकू एकदा सूटकेसकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिल्या.

काकांनी कॅप काढून खुंटीला अडकवली.

"शेंगदाणे आहेत का गं घरात?" त्यांनी विचारलं.